आदिकेंद्रकींचे वर्गीकरण : एका अभावलक्षणाची चिकित्सा

प्रास्ताविक

'ज्यांच्या पेशीत सुस्पष्ट केंद्रक नसते असे एकपेशीय सजीव म्हणजे आदिकेंद्रकी' ही व्याख्या कनिष्ठ महाविद्यालयापासून पदव्युत्तर परीक्षांपर्यंत इतक्या वेळा लिहिली जाते की, तिच्यात काही अडचण असू शकेल अशी शंका सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक ही व्याख्या एका अभावावर उभी आहे. न्यायशास्त्रात लक्षणाचे अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव असे तीन दोष सांगितले जातात. केंद्रकाचा अभाव हे लक्षण ओळखीच्या कामापुरते या तिन्ही दोषांतून बऱ्याच अंशी सुटते. परंतु वर्गीकरणाकडून ओळखीपेक्षा अधिक काही अपेक्षित असते. ज्यांच्या दारात गाय नाही अशी गावातील सारी घरे सहज वेगळी काढता येतील, पण तेवढ्याने ती एका कुळातील ठरत नाहीत. आदिकेंद्रकींच्या बाबतीत मात्र ओळखीच्या खुणेलाच कुळाचा पुरावा मानण्यात आले आणि ही समजूत निदान पंधरा वर्षे जवळजवळ निर्विवाद राहिली. प्रस्तुत लेखात त्या समजुतीचा, ती मोडणाऱ्या कार्ल वोज यांच्या मांडणीचा आणि खुद्द त्या मांडणीवर अलीकडे आलेल्या संकटाचा परामर्श घेतला आहे.

व्याख्येपूर्वीची व्यवस्था

लेव्हेनहूक यांनी १६७६ साली आपल्या भिंगातून हे जीव पाहिले तेव्हा ज्ञात सजीवांच्या यादीत त्यांना ठेवण्यास जागा नव्हती. लिनियस यांनी १७६७ मध्ये 'सिस्टिमा नॅचुरी'च्या बाराव्या आवृत्तीत अशा सूक्ष्म जीवांची वासलात कृमींच्या विभागात 'केऑस' नावाच्या प्रजातीत लावली. केऑस म्हणजे अव्यवस्था. वर्गीकरणशास्त्राच्या जनकाने इतक्या प्रांजळपणे हात टेकल्याचे उदाहरण विरळा. १८६६ मध्ये हेकेल यांनी केंद्रकविरहित जीवांना 'मोनेरा' हे नाव दिले. १८७२ मध्ये फर्डिनंड कोन यांनी आकारावरून, म्हणजे गोल, आखूड दंडाकार, लांब धाग्यासारखे व मळसूत्री, असे चार गट पाडले. १८८४ मध्ये हान्स क्रिस्तियान ग्रॅम यांनी बर्लिन येथे जी रंजनपद्धती शोधली तिचा हेतू रुग्णाच्या ऊतींमध्ये जीवाणू उठून दिसावेत एवढाच होता. ती वर्गीकरणाची पहिली पायरी पुढे बनली. १९२३ साली निघालेल्या बर्गी यांच्या प्रसिद्ध पुस्तिकेच्या शीर्षकातच 'निर्धारक' हे विशेषण होते. हातातील जीव कोणता हे ठरविणे हे तिचे काम होते. तो कोणापासून उद्भवला याचे उत्तर तिने दिले नाही, आणि दवाखान्यातील किंवा दुग्धालयातील कामाला त्यावाचून अडतही नव्हते.

आदिकेंद्रकी व दृश्यकेंद्रकी ही जोडी प्रथम एदुआर शातों यांच्या १९२५ सालच्या लेखनात ओझरती आढळते. तिला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली ती रॉजर स्टॅनियर आणि सी. बी. व्हॅन नील या दोघांनी. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण पाठ्यपुस्तकी इतिहासात या दोघांची भूमिका फारच सरळ करून सांगितली जाते. १९४१ मध्ये याच दोघांनी जीवाणूंचे वर्गीकरण नैसर्गिक, म्हणजे वंशसंबंधांवर आधारलेले असावे असा आग्रह धरला होता. एकवीस वर्षांनी, १९६२ मध्ये, त्यांनी तो आग्रह सोडला. जीवाणू म्हणजे काय याची स्वच्छ संकल्पना नसणे ही सूक्ष्मजीवशास्त्राची दीर्घकालीन बौद्धिक नामुष्की आहे, अशा आशयाची कबुली देऊन त्यांनी ती नामुष्की दूर करण्याचा दुसरा मार्ग काढला : वंशावळीचा नाद सोडावा आणि पेशीच्या रचनेवरून रेषा आखावी. केंद्रकाभोवती पटल नाही, विभाजन समसूत्री पद्धतीने होत नाही, आणि पेशीभित्तिकेत एक विशिष्ट शर्करा-पेप्टाइड संयुग असते, ही त्यांची प्रमुख लक्षणे. त्यांपैकी पहिली दोन नकारात्मक असून तिसरेच काय ते होकारात्मक आहे, आणि पुढे जे कोसळले ते नेमके हे तिसरे लक्षण, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९६२ चा हा निबंध पराभवाचा दस्तऐवज होता. वाचला गेला मात्र विजयाचा म्हणून. रचनेतील एक भेद वंशातील मूलभूत भेद मानला गेला. परिणामी सर्व केंद्रकहीन जीव एकमेकांचे सगोत्र आहेत हे कोणी सिद्ध न करताच गृहीत धरले गेले. व्हिटाकर यांच्या १९६९ सालच्या पंचसृष्टी पद्धतीत मोनेरा ही सृष्टी याच गृहीतकावर उभी आहे.

वोज यांची वंशावळ

इलिनॉय विद्यापीठातील कार्ल वोज यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. पेशीच्या आकारात व चयापचयात पूर्वेतिहासाच्या खुणा टिकत नसतील, तर त्या कोठे टिकतात? रेणू हेच उत्क्रांतीचे दस्तऐवज होत, ही कल्पना झुकरकांडल व पॉलिंग यांनी १९६५ मध्ये मांडलेली होती. वोज यांनी त्यासाठी रायबोसोमच्या लहान उपघटकातील आरएनए निवडला. तो प्रत्येक सजीव पेशीत असतो, सर्वत्र एकच काम करतो, आणि त्याची सुमारे १,५४० एककांची साखळी फार सावकाश बदलते. साखळी सलग वाचण्याची सोय त्या काळी नव्हती. जीवांना किरणोत्सर्गी फॉस्फरसवर वाढवायचे, आरएनए वेगळा करून विकराने त्याचे तुकडे करायचे, ते विद्युत्क्षेत्रात दोन दिशांनी पसरवायचे, आणि क्ष-किरण फिल्मवर उमटलेले ठिपके प्रकाशमान काचेवर ठेवून एकेक करून वाचायचे, अशी ही पद्धत होती. एका जीवाच्या तुकड्यांची यादी दुसऱ्याच्या यादीशी ताडून पाहण्याचे हे काम सत्तरच्या दशकात वर्षानुवर्षे चालले.

१९७६ मध्ये सहकारी राल्फ वुल्फ यांच्याकडील मिथेन निर्माण करणाऱ्या जीवांची पाळी आली. त्यांच्या फिल्मवर जीवाणूंच्या ओळखीचे ठिपके नव्हते. नोव्हेंबर १९७७ मध्ये वोज व जॉर्ज फॉक्स यांनी जाहीर केले की, केंद्रकहीन जीवांत एकमेकांपासून अतिशय दूरचे असे दोन वंश आहेत. वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर ही बातमी झळकली आणि अमेरिकन जीवशास्त्रज्ञांत त्यामुळे कुतूहलापेक्षा नाराजीच अधिक पसरली. एका नोबेल विजेत्याने दूरध्वनी करून आपल्याला या प्रकरणापासून दूर राहण्याचा सल्ला दिला, असे वुल्फ यांनी पुढे नमूद केले आहे. जर्मनीत मात्र स्वागत झाले. म्यूनिक येथील ऑटो कांडलर यांना या जीवांच्या भित्तिकेत जीवाणूंचे वैशिष्ट्यपूर्ण संयुग नसल्याचे स्वतंत्रपणे आढळले होते. स्टॅनियर-व्हॅन नील यांचे एकमेव होकारात्मक लक्षण येथे निकामी झाले. पेशीपटलातील मेदांची जोडणीही वेगळी निघाली. जीवाणूंत व आपल्यात ती एस्टर बंधांची असते, तर या जीवांत ईथर बंधांची. १९९० मध्ये वोज, कांडलर व व्हीलिस यांनी सृष्टीच्याही वरचे एक पद सुचवून सर्व सजीवांची बॅक्टेरिया, आर्किया व युकेरिया अशा तीन अधिसृष्टींत विभागणी केली. पूर्वीच्या नावातील 'बॅक्टेरिया' हा अंश त्यांनी हेतुपूर्वक गाळला.

मायर यांचा आक्षेप

या मांडणीवरील सर्वांत वजनदार टीका १९९८ मध्ये झाली. टीकाकार होते अर्न्स्ट मायर. वय ९४, विसाव्या शतकातील उत्क्रांतिवादी जीवशास्त्राचे एक शिल्पकार. त्यांचे म्हणणे असे की, जीवाणू व आर्किया यांतील भेद रेणूंच्या पातळीवर कितीही असले, तरी दोघांची संघटना एकाच प्रकारची आहे. दुसरीकडे केंद्रकाच्या उदयाने सजीवसृष्टीत जे वैविध्य आले (वड, देवमासा, मनुष्य) त्याच्या तुलनेत हा भेद किरकोळ होय. वर्गीकरणाने केवळ फांद्या कोठे फुटल्या हे न सांगता फांद्यांवर काय उगवले हेही सांगितले पाहिजे. सबब साम्राज्ये दोनच.

वोज यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. त्याचा आशय असा की, मायर यांचे जीवशास्त्र उत्क्रांतीच्या शेवटच्या अब्ज वर्षांचे आहे आणि आपले पहिल्या तीन अब्ज वर्षांचे.

हा वाद सहसा जुन्या पिढीविरुद्ध नव्या पिढीचा म्हणून सांगितला जातो. ते खरे नाही; वोजही तेव्हा सत्तरीत होते. मतभेद वर्गीकरणाच्या प्रयोजनाविषयी होता, आणि मायर यांची बाजू वाटते तितकी दुबळी नाही. वर्गीकरण ही माहिती साठविण्याची व शोधण्याची व्यवस्था आहे हा त्यांचा मुद्दा प्रत्येक ग्रंथपालास पटेल. त्यांची चूक अन्यत्र आहे. वैविध्य म्हणजे डोळ्यांना दिसणारे वैविध्य हे त्यांनी गृहीत धरले. सल्फरवर जगणारा, उकळत्या झऱ्यात वाढणारा, मिथेन सोडणारा, सूर्यप्रकाशाने पेशीपटलातील रंगद्रव्याच्या साहाय्याने ऊर्जा मिळविणारा असे जीव एकमेकांसारखे दिसतात, म्हणून ते एकसारखे ठरत नाहीत. पक्षिशास्त्रज्ञाच्या नजरेला हे जमणे कठीण होते. मायर यांची कारकीर्द न्यू गिनीच्या पक्ष्यांपासून सुरू झाली होती, ही गोष्ट येथे आठवणे अप्रस्तुत होणार नाही.

केंद्रकाचा अभाव हीदेखील तितकीशी निर्मळ खूण राहिलेली नाही. 'जेमाटा ऑब्स्क्युरिग्लोबस' या जीवाणूत आनुवंशिक द्रव्याभोवती पटल असल्याचा दावा १९९१ मध्ये झाला; २०१३ मधील त्रिमितीय चित्रणात ते पटल बंदिस्त नसल्याचे दिसून आले, आणि व्याख्या थोडक्यात बचावली. २०२२ मध्ये ग्वादलूप बेटावरील खारफुटीतून 'थायोमार्गारिटा मॅग्निफिका' पुढे आला. हा जीवाणू सुमारे एक सेंटिमीटर लांब, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा, आणि त्याचा डीएनए पटलांनी वेढलेल्या असंख्य पुटिकांत साठविलेला आहे. त्याला दृश्यकेंद्रकी कोणी म्हटलेले नाही, कारण तो जीवाणूंच्या वंशातला आहे हे ठाऊक आहे. याचाच अर्थ, रचना आणि वंश यांच्यात तंटा झाला की निवाडा वंशाच्या बाजूने दिला जातो.

स्वतःच्याच मापाने

तथापि वोज यांच्या वृक्षाची चिकित्सा तितक्याच कठोरपणे व्हावयास हवी. तो वृक्ष एका रेणूचा आहे. संपूर्ण जनुकसंच वाचले जाऊ लागल्यावर जनुके एका वंशातून दुसऱ्या वंशात आडवी जातात हे मोठ्या प्रमाणावर दिसू लागले. 'थर्मोटोगा मॅरिटिमा' या उष्णताप्रिय जीवाणूचा जनुकसंच १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील सुमारे एक चतुर्थांश जनुकांचे सर्वाधिक साम्य आर्कियांतील जनुकांशी निघाले. त्याच वर्षी फोर्ड डूलिटल यांनी सजीवांचा इतिहास वृक्षाच्या रूपात दाखविता येईल काय, हाच प्रश्न उपस्थित केला. या टीकेला वोज यांच्या बाजूने देण्यात येणारे उत्तर असे की, रायबोसोमसारखी अनेक भागांची गुंतागुंतीची यंत्रणा सहसा उसनी घेतली जात नाही. हे उत्तर बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. पण मग तो वृक्ष जीवाचा म्हणावा की त्याच्या एका यंत्रणेचा, हे मोकळेपणाने सांगावे लागेल.

दुसरा आघात अधिक खोल आहे. जेम्स लेक यांनी १९८४ मध्येच सुचविले होते की, दृश्यकेंद्रकी ही आर्कियांच्या शेजारची फांदी नसून त्यांच्याच आतून फुटलेली असावी. तीस वर्षे हा विचार अल्पमतात राहिला. २०१५ मध्ये ग्रीनलंड व नॉर्वे यांच्या दरम्यानच्या समुद्रतळावरील 'लोकीज कॅसल' या उष्ण विवरांजवळच्या गाळातील डीएनएवरून एका नव्या गटाचे जनुकसंच जुळविण्यात आले. केवळ दृश्यकेंद्रकी पेशीतच असतात असे मानलेल्या अनेक प्रथिनांची जनुके त्यांत होती. हा जीव प्रत्यक्ष कोणी पाहिला नव्हता. म्हणून संशयाला जागा होती. जपानी संशोधकांनी २००६ साली नानकाई खंदकात २,५३३ मीटर खोलीवरून आणलेल्या गाळातून, बारा वर्षांच्या खटपटीनंतर, या गटातील एक जीव प्रयोगशाळेत वाढविला आणि २०२० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. दुप्पट व्हावयास त्याला चौदा ते पंचवीस दिवस लागतात. एश्चेरिकिया कोलायला वीस मिनिटे पुरतात. त्याच्या गोल पेशीतून शाखायुक्त लांब तंतू बाहेर पडलेले दिसतात, आणि आत केंद्रक नाही.

दृश्यकेंद्रकी जर आर्कियांच्या आतून निघाले असतील, आणि आज उपलब्ध असलेला बहुतांश पुरावा त्या दिशेचा आहे, तर 'आर्किया' हा गट पूर्वजाच्या सर्व वंशजांना सामावून घेत नाही. आपल्याच वंशातील एक शाखा वगळून उरलेल्यांना दिलेले ते नाव ठरते. 'आदिकेंद्रकी' या संज्ञेवर वोज यांचा आक्षेप हाच होता. ज्या मापाने त्यांनी स्टॅनियर यांचा गट मोडीत काढला, त्याच मापाने त्यांची तिसरी अधिसृष्टी स्वतंत्र उरत नाही, आणि साम्राज्ये पुन्हा दोन होतात. मात्र मायर यांची नव्हेत. सीमारेषा केंद्रकाच्या जागी न पडता बॅक्टेरिया एका बाजूला आणि आपल्यासह आर्किया दुसऱ्या बाजूला अशी पडते. वोज ३० डिसेंबर २०१२ रोजी निवर्तले. हा पुरावा त्यांच्यासमोर आला नाही.

नावांचा व्यवहार

वंशावळीचे तत्त्व जातीच्या पातळीवर आणले की व्यवहार त्याला कसा मुरड घालतो याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. आमांशास कारणीभूत होणारी 'शिगेला' ही प्रजाती डीएनएच्या कसोटीवर एश्चेरिकिया कोलायपासून वेगळी करता येत नाही. तरीही रोगनिदानात घोटाळा होऊ नये म्हणून ती स्वतंत्र ठेवली गेली आहे. प्लेगचा जीवाणू हा 'यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस' या तुलनेने सौम्य जीवाणूचाच पोटभेद आहे असे दिसल्यावर त्याला तसे नाव देण्याचा प्रस्ताव आला. १९८५ मध्ये नामकरणाच्या न्यायिक आयोगाने, अशा नावाने प्रयोगशाळांत जिवावर बेतणारा गोंधळ होईल या कारणास्तव, तो फेटाळला. १८९६-९७ मध्ये मुंबई-पुण्याने जो रोग पाहिला त्याच्या कारणाचे नाव नजरचुकीने सौम्य वाटावे हे कोणालाच परवडणारे नव्हते. येथे वर्गीकरणाने आपले तत्त्व जाणूनबुजून बाजूला ठेवले आणि ते योग्यच झाले. उलट, २००२ मध्ये एश्चेरिकिया कोलायच्या तीन वाणांची तुलना झाली तेव्हा त्यांच्या एकूण प्रथिनांपैकी ४० टक्क्यांहूनही कमी प्रथिने तिघांत सामाईक निघाली. तरी ते तिन्ही एकाच जातीचे.

१९८० मध्ये नामकरणाची पाटी पुसून सुमारे अडीच हजार नावे मान्य करण्यात आली आणि हजारो जुनी नावे गळली. त्यानंतरच्या नियमांनुसार नव्या जातीचा जिवंत प्ररूप-वाण दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो. पुण्याचे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र अशा संग्रहांपैकी एक होय. परंतु निसर्गातील बहुसंख्य केंद्रकहीन जीव प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. केवळ जनुकसंचाला प्ररूप मानावे ही सूचना आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये नाकारली, आणि २०२२ मध्ये काही संशोधकांनी त्यासाठी 'सीक्कोड' ही समांतर नियमावली काढली. २०२१ मध्ये ४२ संघांना अधिकृत नावे मिळून 'प्रोटिओबॅक्टेरिया'चे 'स्यूडोमोनाडोटा' आणि 'फर्मिक्युट्स'चे 'बॅसिलोटा' झाले. २०२४ मध्ये अधिकृत यादीत बॅक्टेरियांच्या चार व आर्कियांच्या तीन अशा सात सृष्टी आल्या. मोनेरा ही एकच सृष्टी शिकविणाऱ्या वर्गासाठी ही बातमी लहान नाही.

मराठी परिभाषा आणि लोणार

राज्याच्या इयत्ता आठवीच्या २०१८ सालच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात वर्गीकरणाचा पाठ व्हिटाकर यांच्या पद्धतीवर उभा आहे. शालेय स्तरावर ते क्षम्य मानता येईल. परिभाषेचा प्रश्न मात्र महाविद्यालयीन अध्यापकांचा आहे. 'आदिकेंद्रकी' या शब्दातील 'आदि' हे पद मूळ ग्रीक उपसर्गाची चूक इमानाने मराठीत आणते. हे जीव केंद्रकापूर्वीचे, म्हणजे आपल्याकडे येण्याच्या वाटेवर थांबलेले, असे त्यातून सूचित होते. नॉर्मन पेस यांनी २००६ मध्ये ही संज्ञाच पाठ्यपुस्तकांतून काढून टाकण्याची मागणी केली होती. ती टोकाची वाटते, कारण केंद्रक नसलेल्या पेशीच्या रचनेला एखादे नाव लागतेच. 'अकेंद्रकी' या साध्या शब्दाने ते काम भागेल आणि वंशाविषयी खोटी ग्वाहीही दिली जाणार नाही. 'आर्किया'साठी रूढ झालेला 'आदिजीवाणू' हा शब्द अधिक आक्षेपार्ह आहे. १९९० मध्ये जो अंश हेतुपूर्वक गाळला गेला तोच तो परत आणतो. 'आर्किया' हा शब्द तसाच ठेवणे बरे.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे खारे, अल्कधर्मी पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण क्षारप्रिय आर्किया असल्याचे निष्पन्न झाले. रंग त्यांच्यातील कॅरोटिनॉइड द्रव्यांचा. या जीवांच्या गटातील सर्वपरिचित प्रजातीचे नाव आहे 'हॅलोबॅक्टेरियम', आणि अग्रक्रमाच्या नियमामुळे ते बदलता येत नाही. पदवीच्या प्रात्यक्षिकात अशा पाण्याचा लेप साध्या पाण्याने धुतला तर क्षारांअभावी पेशी फुटून जातात. त्यामुळे तो ॲसेटिक आम्लाने स्थिर करून मग ग्रॅम-रंजन करावे लागते. तसे केल्यावर पेशी गुलाबी दिसतात, आणि प्रयोगवहीत 'ग्रॅम-ऋण जीवाणू' अशी नोंद होऊन तिच्यावर अध्यापकाची सही होते.